गाडीसोबत आपला एक माणूस

मु. भातकुली, जि. अमरावती
१७ एप्रिल २०२५

चि. सौ. आकांक्षा इले शेखरदादाचे आशीर्वाद.

तुयं पत्र भेटलं. पोस्टमन फाटकातूनच ओरडला, "शेखरभाऊ, बँकेचं नाई, कोर्टाचं नाई, साधं पत्र आहे हो!" आजकाल कोण पत्र लिहिते बाप्पा? मग ध्यानात आलं. फोन तुया सासूजवळ राहते आणि ती स्पीकर लावून बाजूले बसते. तशात माणूस काय बोलन? म्हणून मी बी पत्रच लिहून राहिलो. आपली अक्षरं त्यायले वाचता येतीन, पण अर्थ लागणार नाई. आणि तू सांगतलं तसं शेजारच्या बंगाली बाईच्या पत्त्यावर टाकून राहिलो.

इकडे सगळं ठीक आहे. आईचे गुडघे दुखतात, ते काही नवीन नाई. तुयी चंदावहिनी तुयी लय आठवण काढते, खास करून भांड्यांचा ढीग पडला की. ऊन असं आहे की कुत्रं बी सावली सोडत नाई. आईनं तरी गच्चीवर कुरडया टाकल्याच. म्हणते, "पोट्टीले तिकडे कोण करून देईन?" मी म्हटलं, तिकडे दूध-तूप खातात लोक, कुरडयाचं काय घेऊन बसली! ऐकते काय ती.

आता कामाची गोष्ट. ट्रॅक्टर.

देवरावमामाची गाडी अकोल्यावरून सरकी ढेप घेऊन तुया भागात जाते आणि येतानी रिकामी येते. त्याच रिकाम्या गाडीत ट्रॅक्टर टाकून आणाचा, असं मामाचं आणि मायं ठरलं. नाई तर परराज्यातून ट्रॅक्टर आणाचा म्हणजे वेगळी गाडी पाहा, वेगळे नखरे पाहा. ड्रायव्हर बशीरभाई आहे, अकोल्याचा. तू ओळखतं त्याले. तुया लग्नाले आपल्याले तिकडे घेऊन गेला होता तोच.

तुये सासरे फोनवर "भेज देंगे, भेज देंगे" करतात. मी इथून किती बोंबलू? तू घरातली आहे, तू मागं लागली पायजे. ट्रॅक्टर माया नावानं विकला असा कागद त्यायनं करून ठेवला पायजे आणि तिकडच्या आरटीओची एनओसी पायजे, नाई तर इकडे आपलं नाव लागत नाई. चढवाच्या दिवशी सायलेन्सर खोलून ठेवाले सांगजो, उंची होते. मातीचा उंचवटा पाहून गाडी मागं लावा म्हणा. चाकाखाली लाकडी गुटके आणि वरून साखळी, दोरी चालणार नाई.

आणि हे पाहाय, समोरचे दोन्ही टायर नवीन आहेत, ते मी तुया लग्नातच पाहून ठेवले होते. बॅटरी बी चांगली आहे. जुनं लावून नवीन काढून घेणारे लोक असतात. सकाळी शेण काढाले जातं तेव्हा ट्रॅक्टरले एक नजर मारत जाजो. तेवढंच तुले बी आपल्या घरचं काही पाह्यल्यासारखं वाटन.

आणखीन एक. गाडीसोबत आपला एक माणूस पायजेच, असं मामाचं सांगणं आहे. गाडी ढाब्यावर उभी राहिली, ड्रायव्हर लुडकला, की बॅटरी जाते, टूलबॉक्स जाते. म्हणून मालकाच्या घरचा माणूस सोबत येते, तशी पद्धतच आहे. कॅबिनमध्ये ड्रायव्हरच्या बाजूले एका माणसाची जागा असते. तिकडून इकडे येणारं कोणी असन तर पाह्यजो. भाडं लागत नाई.

तू विचारलं की तिकडच्या बाया तुले 'मोल की' म्हणतात, ते काय असते. काही नसते वं. दुरून आणलेली सून, म्हणून मोलाची म्हणत असतीन. हसून घेत जाजो.

धाकट्या दिराचं जे लिहिलं ते मी आईले वाचून दाखवलं नाई. तिचं बीपी वाढते. दाराले आतून कडी लावत जाजो आणि आपलं वागणं नीट ठेवजो.

सासऱ्यायले कागदाची आठवण दे. विसरू नको.

तुया
शेखरदादा


भातकुली
३ मे २०२५

चि. सौ. आकांक्षा इले आशीर्वाद.

तुयं पत्र वाचलं आणि डोकंच फिरलं मायं. चंदाले म्हटलं, ही पोट्टी पागल झाली काय?

आपला एक माणूस म्हणजे तू नाई वं! "दादा, तूच लिहिलं ना घरचा माणूस पायजे, मग मी येतो ट्रॅक्टरसोबत, कॅबिनमध्ये बसून येतो, कोणाले त्रास नाई." हे असं लिहितानी तुले काहीच वाटलं नाई? ट्रॅक्टरची राखण कराले लेकीबाई ट्रकमध्ये बसून येतात काय? लोक काय म्हणतीन? आणि आली समज, मग? राहशीन कुठं? मधल्या खोलीत चंदानं शिलाई मशीन टाकली आहे.

आईले तुयं पत्र वाचून दाखवलं. म्हणजे जेवढं वाचाचं तेवढंच. ती विचारे, "येतो म्हणते काय?" मी म्हटलं, दिवाळीले पाहू. तिनं सूप ओढलं. कुरडया निवडत बसली.

तुयापासून काय लपवाचं, तुले आता समजलंच आहे. त्या बंगालणीनं 'मोल की' म्हणजे विकत आणलेली, असा अर्थ सांगतला म्हणे. तिच्या नादाले लागू नको. तिले कोणी विकलं असन, तिच्या घरचे तसे असतीन. आपलं तसं नाई. आपण मंदिरात लग्न लावलं, भटजी होता, फोटो आहेत. मामानं स्थळ आणलं, त्यायले सून पायजे होती, आपल्याले स्थळ पायजे होतं. ट्रॅक्टर त्यायनं खुशीनं देऊ केला. पोरगी वर्षभर नीट नांदली की ट्रॅक्टर तुमचा, असं बोलणं झालं होतं. हो, झालं होतं. मग? मी काय दरोडा घातला?

इथं पोरीच्या बापाले वावर विकाव लागते. मोटरसायकल दे, सोनं दे, पाचशे माणसाले जेवू घाल. आपला बाप असता तर त्यानं काय केलं असतं? तुले देणाऱ्या घरात दिलं मी, घेणाऱ्या घरात नाई. हे कोणी पाहत नाई. सगळ्यायले शेखरच दिसते.

आणि ट्रॅक्टर काय मले मिरवाले पायजे? तू पाह्यलं नाई काय, तुया लग्नाच्या अगोदरच्या पेरणीले श्यामनं मले कसं नाचवलं? पाणी पडलं, वाफसा आला, सगळ्यायची वावरं झाली आणि मी त्याच्या दारात. "उद्या येतो शेखरभाऊ, उद्या नक्की." भीक मागाले आल्यासारखा हात जोडून उभा राहिलो मी. दहावी नापास माणूस तो, पण ट्रॅक्टर आहे म्हणून सरपंच बी त्याले 'श्यामराव' म्हणते. या साली मी श्यामच्या दारात जाणार नाई. मेलो तरी नाई.

गावात मी ट्रॅक्टर विकत घेतला असंच सांगतलं आहे. तू फोनवर कोणाशी बोलली तर तू बी तेच सांगजो.

साफ सांगतो, म्हणजे तुया डोक्यात शिरन. तू आली तर ट्रॅक्टर येत नाई. ट्रॅक्टर आला आणि तू मागून पळून आली, तर ते चार माणसं घेऊन येतीन आणि दारातून ओढून नेतीन. ट्रॅक्टर बी आणि मायी इज्जत बी. वर्ष भराले आता थोडंच राहिलं. तेवढं काढ. नंतरचं नंतर पाहू.

तू लिहिलं, कडी लावते तर सासूनं कडीच काढून घेतली. मी इथून काय करू वं? पाव्हण्यायले सांगजो. नवरा आहे तो तुया. वय जास्त असलं म्हणून काय झालं, भाऊ तर त्याचाच आहे. तो पाहून घेईन.

सोबत येणारा माणूस नाई भेटला तर राहू दे. बशीरभाईले मी दम देऊन ठेवतो. तू फक्त एनओसी पाहाय.

शेखरदादा


भातकुली
२९ मे

आकांक्षा,

घाईत लिहितो. बशीरभाई उद्या ढेप भरून निघते. आईनं कुरडया पाठवल्या आहेत, एका थैलीत. तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याची थैली शिवली तिनं, तू ओळखशीन. चंदानं म्हटलं, पाच रुपयाच्या प्लास्टिक पन्नीत टाका, पण आई ऐकेना.

ट्रॅक्टर चढवतीन त्या दिवशी तू तिकडे जाऊ नको. घरातच राहजो. थैली बशीरभाई सासूजवळ देईन.

ऐकशीन ना एवढं?

शेखर


भातकुली
१० जून २०२५

चि. सौ. आकांक्षा इले शेखरदादाचे अनेक आशीर्वाद.

ट्रॅक्टर पोचला. नांदगाव पेठेत एका गोदामाच्या धक्क्यावर गाडी लावून उतरवला आणि तिथून मी स्वतः चालवत गावात आणला. काय सांगू तुले! श्याम चौकात उभा होता. पाह्यलं त्यानं आणि मान तिकडे फिरवली. मी हॉर्न दिला. दोनदा दिला.

चंदानं हळदीकुंकू लावलं, नारळ फोडलं. सायलेन्सर खोलून आणलं ते बरं झालं. साखळीनं मडगार्डचा थोडा रंग गेला. आणि बॅटरी जुनी निघाली. बदललीच त्यायनं. तुले रोज पाह्याले सांगतलं होतं ना? एवढं एक काम होतं तुले.

त्या दिवशी फोनवर मी जोरात बोललो असन तर मनावर घेऊ नको. मायं डोकं ठिकाणावर नव्हतं. बशीरभाईचा फोन आला, "भाऊ, ट्रॅक्टर चढला, साखळ्या बांधल्या. पण तुमची बहीण येऊन कॅबिनमध्ये बसली, थैली घेऊन. इकडे तिचे सासरे, दीर, सगळे गोळा झाले. म्हणतात, एक तर पोरगी जाईन नाई तर ट्रॅक्टर जाईन, दोन्ही जात नाई. काय करू?" आता सांग, मी काय सांगाले पायजे होतं? मी म्हटलं, उतरवा तिले. तर तो म्हणते, "मी हात लावत नाई. तुमची बहीण आहे, तुमीच सांगा." आणि फोन तुया कानाले लावला.

तू "दादा" म्हटलं. मले ऐकू आलं. मी ऐकलं नाई असं नाई.

मी म्हटलं, उतर खाली, साखळ्या सोडाच्या अगोदर उतर. दुसरं काय म्हणणार होतो? तिथं उभे राहून ते सगळे ऐकून राहिले होते. बशीरभाई सांगे, तू रडली बी नाई. खाली उतरली आणि त्यायच्या मागं मागं घरी गेली. मले वाटलं, चला, समजदार आहे पोरगी.

पण थैली सीटवर तशीच राहिली. तू मुद्दाम ठेवली काय? ती थैली ट्रॅक्टरसोबत इकडे आली आणि सगळा घोळ तिथून झाला.

बशीरभाईले अक्कल नाई. थैली मायाजवळ द्याची, तर ट्रॅक्टरची पूजा चालू असतानी आईच्या हातात दिली. आईनं आपली शिलाई ओळखली. तिले वाटलं, तू काही पाठवलं. उघडलं तर तुये दोन ड्रेस, बारावीची मार्कशीट आणि अर्ध्या कुरडया, तशाच. ती म्हणते, "हे तर गावाले निघालेल्या माणसाचं सामान आहे." मग तिनं बशीरभाईले बाजूले नेलं आणि मायी पोट्टी कशी आहे म्हणून विचारलं. त्या मूर्खानं सगळं सांगतलं. कडीचं सांगतलं. त्या बंगालणीनं चढवाच्या जागी येऊन त्याले दिराचं काय सांगतलं ते सांगतलं. मी फोनवर काय म्हटलं ते बी सांगतलं, माया आवाजात.

मले वाटलं, आई बोंब मारन. तिनं थैली परत बांधली. आरतीचं ताट चंदाच्या हातात दिलं आणि आत गेली. दोन दिवस मायाशी बोलली नाई. भाकर वाढे, बोले नाई. ट्रॅक्टर आंगणात उभा होता, त्याच्या बाजूनं जाव लागते म्हणून ती मागच्या दारानं संडासले जाये. मी म्हटलं, आई, तुयासाठीच आणला ना, वावर तुयं आहे. तर मायाकडे असं पाह्यलं तिनं की मी चहा टाकून उठलो.

आणि काल ती गेली.

सकाळी वावरातून आलो तर खोलीत नाई, थैली बी नाई. चंदा म्हणते, मंदिरात गेल्या असतीन. कायचं मंदिर! देवरावमामाचा अकोल्याहून फोन आला, "अरे, लीलाबाई माया गाडीत बसून गेली तिकडे!" एसटीनं अकोल्याले गेली गुडघे धरत, मालधक्क्यावर बशीरची गाडी शोधली आणि कॅबिनमध्ये जाऊन बसली. मी बशीरले फोन केला, म्हटलं उतरव तिले. तर काय म्हणते माहीत आहे? "एकदा तुमच्या सांगण्यावरून उतरवली, शेखरभाऊ. आता माया हातून होत नाई." मामाले सांगून त्याले गाडीवरून काढतो की नाई पाहाय.

मग आईनं त्याच्याच फोनवरून मायाशी बोललं. दोन दिवसांनी पहिल्यांदा. म्हणाली, "पोरीवर ट्रॅक्टर भेटला तुले. मायवर काय भेटते ते पाहून येतो." असं बोलते काय माय? आपल्या सख्ख्या पोराशी? मी म्हटलं, तिथं जाऊन काय करणार तू? तर म्हणते, "तिच्या जागी मी राहतो. शेण मले बी काढता येते. पोट्टीले गाडीत बसवून पाठवतो." आणि फोन ठेवला.

म्हातारीचं डोकं फिरलं, दुसरं काय. तुया जागी तिले ठेवून ते काय करतीन? पण तमाशा होईन ना! ट्रॅक्टरले अजून मायं नाव लागलं नाई. एनओसीवर एक शिक्का राहिला म्हणून इकडच्या आरटीओनं कागद वापस केला. तुये सासरे म्हटले की मायं नाव कट, तर ट्रॅक्टर चालला वापस. आणि पाणी कधी पडन सांगता येत नाई. गावात सगळ्यायले सांगून बसलो की या साली पेरणी मायी पहिली. श्याम रोज चौकात उभा राहते. मी परत त्याच्या दारात जाऊ काय?

म्हणून मी सकाळीच तुया सासऱ्यायले फोन केला. तू ऐकून घे, रागावू नको. आई येऊन राहिली म्हणून सांगतलं. म्हटलं, चहापाणी करा, पण आत घेऊ नका, पोरीशी एकटं बोलू देऊ नका. ते म्हणाले, पोरीले आठ दिवस नणंदेच्या सासरी पाठवून देतो, म्हातारीले सांगतो देवदर्शनाले गेली. मी नको म्हटलं. आई अशी ऐकणार नाई, दारात बसून राहीन. त्यापेक्षा तू समोर आलेली बरी. ते कबूल झाले. पाहाय, मी तुयासाठी एवढं तरी केलं.

गाडी वाटेत माल उतरवत जाते, तिले वेळ लागन. हे पत्र आईच्या अगोदर पोचावं म्हणून स्पीड पोस्टानं टाकून राहिलो. आई दारात आली की चांगली साडी घालून समोर ये. डोक्यावर पदर घे, तिकडच्यासारखा. हास. म्हणजो, आई, मी सुखात आहे, त्या दिवशी पाव्हण्यायशी भांडण झालं होतं म्हणून गाडीत बसली होती, आता मिटलं. तोंडावर काही निशाण असन तर म्हणजो, म्हैस लागली. दिराचं विचारलं तर बंगालण खोटी आहे म्हणजो. आईले तुयं खोटं पटते. लहानपणी तू गुळ खाऊन मायं नाव सांगे, तेव्हा बी तिले तुयंच पटे.

एक वेळा कर वं एवढं. नंतर तुले कधी काही मागणार नाई. राखीले साडी पाठवीन, चांगली, अमरावतीची.

तुया भरोशावर बसलेला,
तुया सख्खा भाऊ
शेखर

ता.क. गाडी वापस येतानी कॅबिनमध्ये एकाच माणसाची जागा आहे. आई तुले हात धरून चढवन, तू चढू नको. त्या जागेवर आईच बसली पायजे. तू खाली उभी राहून हात हालवजो, म्हणजे तिले बरं वाटन.